तूट, वाढावा आणि अफरातफर

आजचं बोलणं एका शब्दावर आहे, आणि तो शब्द आमच्या तोंडून एकदा निघाला होता म्हणून आहे.

आमच्या गटाची पेटी एका आक्कांकडे असायची. सगळ्या त्यांना आक्काच म्हणायच्या, वयानं मोठ्या आणि हाताला पक्क्या. एका महिन्याची बैठक लांबली, लाईट गेली, मोबाईलच्या उजेडात वही लिहिली, आणि रोकड न मोजताच पेटी आक्कांच्या घरी गेली. पुढच्या बैठकीत पेटी उघडली तर वहीपेक्षा पैसे २७०० नं कमी. तीनदा मोजले. तेवढेच. मग आमच्यातूनच कुणीतरी हळूच म्हणालं, "ही अफरातफर झाली." कोण म्हणालं ते आज कुणीच सांगत नाही. शब्द मात्र सगळ्यांनी ऐकला आणि एकीनंही अडवला नाही.

तेव्हापासून आम्ही या शब्दाच्या मागे लागलो. कुठून आला, कुणी आणला, त्याचा मूळ अर्थ काय. जे कळलं ते आज सांगतो, आणि आक्कांचं पुढं काय झालं तेही सांगतो.

अफरातफर हा शब्द मूळचा आपला नाही. अरबी भाषेत दोन शब्द आहेत, इफ्रात आणि तफ्रीत. इफ्रात म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त होणं. तफ्रीत म्हणजे प्रमाणापेक्षा कमी पडणं. ही जोडी फारसीतून हिंदुस्थानात आली आणि लोकांच्या तोंडी घासून घासून अफरातफर झाली. भाजीत मीठ जास्त पडलं तर इफ्रात, कमी पडलं तर तफ्रीत. आपल्या हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर एक वाढावा आणि दुसरी तूट. दोन्ही मिळून एवढाच अर्थ की माप चुकलं. यात चोरी कुठंच नाही. खाल्ले, लांबवले, खिशात घातले असं काही त्या दोन शब्दांत नाही.

पण शब्द गावोगाव फिरला की बदलतो. हिंदीत अफरातफरी म्हणजे गोंधळ, पळापळ. बाजारात बैल उधळला की अफरातफरी माजते. मराठीत हाच शब्द दप्तरात जाऊन बसला. वहीत गोंधळ, कमीजास्त, आणि मग त्या गोंधळाच्या आडून खाल्लेला पैसा. आज मराठीत अफरातफर म्हटलं की फक्त पैसे खाणं एवढंच कळतं. एका बाईकडून आकडा चुकला असं सांगण्यासाठी हा शब्द आता वापरताच येत नाही. आम्ही तो वापरला, तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हे परक्या भाषांचे शब्द आपल्या वहीत आले कसे? हिशेब, जमा, बाकी, रक्कम, वसूल, तारीख, दप्तर. बैठकीत रोज तोंडात असतात, आणि सगळे अरबी-फारसीतून आलेले. दख्खनेत आधी बहमनी आणि मग आदिलशाही, निजामशाही. दरबारची भाषा फारसी, पण गावोगावचा वसूल लिहिणारे कुलकर्णी मराठी. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा सोळाव्या शतकात गादीवर होता, त्यानं सरकारी हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत लिहायला लावले. लिहिणारा मराठी, वाक्यं मराठी, पण मधले कामाचे शब्द फारसी. तिथून ते आपल्या घरात आले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या सुमारे १४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी जमा जमाच राहिली आणि बाकी बाकीच. महाराजांचा शब्दही बाजारातल्या बायांपुढं चालला नाही, असं आम्ही आपलं गमतीनं म्हणतो.

चुकीच्या मोजणीला आपल्याकडे एकच शब्द नाही, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गफलत म्हणजे लक्ष नसणं. गाफील आणि गफलत एकाच घरातले. पोरगं रडत होतं, दूध उतू चाललं होतं, तेवढ्यात एक नोट दोनदा मोजली, ही गफलत. गल्लत वेगळी. हिंदीत गलत म्हणजे चूक, तोच शब्द मराठीत आल्यावर गल्लत झाला आणि अर्थ झाला दोन गोष्टींची सरमिसळ. एका सुमनचा हप्ता दुसऱ्या सुमनच्या नावावर पडला की गल्लत. घोळ तर आपल्या सुपातला. धान्य घोळतो, लाडू खसखशीत घोळतो, तसे आकडे एकमेकांत घोळले गेले की घोळ. घोळ निस्तरता येतो. खोट म्हणजे नुकसान, व्यापारात खोट आली म्हणतात, त्यातही दोष कुणाचा ते सांगितलेलं नाही.

आणि मग येतो अपहार. हा संस्कृत. हरण म्हणजे नेणं, अपहरण म्हणजे पळवून नेणं, अपहार त्याचाच भाऊ. अपहार नुसता होत नाही, तो कुणीतरी करावा लागतो. त्याला हात लागतो आणि हेतू लागतो.

कायदाही हेच म्हणतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दुसऱ्याची मालमत्ता लाटण्याचं कलम होतं, आणि आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. दोन्हीकडे अट एकच, अप्रामाणिक हेतू असला पाहिजे. वजाबाकी चुकली म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. कोर्टात हेतू सिद्ध करावा लागतो. बैठकीतल्या सतरंजीवर मात्र कुणी काही सिद्ध करायला लावत नाही.

जुन्या लोकांना मोजणी चुकते हे मान्य होतं. दुकानाच्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात काय असतं, पाहिलंय का कधी? चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. आमचं काही जास्त आलं असेल तर परत घ्या, कमी आलं असेल तर द्या. शेजारी हिंदीतही भूल चूक लेनी देनी आहेच. इंग्रजी बिलावर ई. अँड ओ. ई. असतं, त्याचा अर्थ चुका आणि राहून गेलेलं सोडून बाकी हिशेब खरा. म्हणजे तिथं चूक बाजूला ठेवली. आपल्याकडे ती देण्याघेण्यात धरली. आम्हाला आपलं वाक्य जास्त आवडतं, कारण त्यात जास्त आणि कमी दोन्ही आहे. इफ्रात आणि तफ्रीत, दोन्ही. आणि दोन्हीवर उपाय एकच, परत बसून हिशेब करायचा.

परत बसण्याची गोष्ट निघाली की संत एकनाथ आठवतात. कीर्तनात ऐकलेली गोष्ट आहे. पैठणचे नाथ लहान वयात देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे कारभारी. त्यांनी एकदा नाथांना हिशेब तपासायला बसवलं. अगदी एवढ्याशा रकमेची चूक लागेना. रात्र झाली, दिवा लावला, पहाट होत आली, आणि चूक सापडली तशी नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढ्याशा चुकीसाठी इतकं चित्त लावलंस, तसंच देवाकडे लाव. कीर्तनकार तिथून देवाकडे जातात. आम्ही मात्र त्या टाळीपाशी थांबतो. चूक सापडल्यावर नाथांनी टाळी वाजवली. चूक करणाऱ्याला शोधायला गेले, असं गोष्टीत कुठंच नाही.

दुसरी गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बिदरच्या बादशहाचे अंमलदार. मोठा दुष्काळ पडला, माणसं मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली आणि लोकांना वाटली. बादशहाच्या वहीत हा अपहारच, दुसरं काय! पंतांना पकडून आणायला शिपाई निघाले. पुढं विठ्ठल विठू महार झाला, मोहरांची थैली घेऊन दरबारात गेला आणि सगळी रक्कम भरून आला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातला एक बारकावा आमच्या बचतगटाच्या डोळ्यांना दिसला. विठूनं पैसे भरल्याची पावती घेतली! ती पावती पंतांना पुढं पोथीत सापडली. देवानंसुद्धा पावतीशिवाय पैसे भरले नाहीत.

आता पावतीचं निघालंच आहे तर सुप्याचं सांगायला हवं. पुणे जिल्ह्यातलं सुपे, १८७५ चा मे महिना. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाची खतं, रोखे, वह्या चौकात जाळल्या. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. बहुतेक ठिकाणी लोकांना माणसं मारायची नव्हती, कागद हवे होते. कारण त्या कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. व्याजात व्याज, दिलेला हप्ता न मांडणं, देताना सपाट माप आणि घेताना शीग लावून माप. मापात पाप म्हणतात ते हेच. ही मोजणी चुकून चुकत नव्हती, दर वेळी ती एकाच बाजूला झुकायची. आमच्या मते ओळखायची खूण हीच. खरी चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. पाप एकाच बाजूला पडतं.

दंग्यानंतर चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात एक कलम होतं, कर्ज घेणाऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती मिळाली पाहिजे, हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, त्यानं मागितलं तर पासबुकात मांडून मिळालं पाहिजे. आपल्या हातातलं ते छोटं पासबुक, जे आपण पिशवीत कोंबतो आणि बैठकीत विसरून येतो, त्याच्या मागं एवढं जळालं आहे. १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० गटांपासून बचतगट आणि बँक जोडायला सुरुवात केली. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे, बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि पाचवं लेखे. पाचव्याची आठवण बहुतेक वेळा ऑडिटच्या आदल्या रात्री होते.

आता आक्कांकडे परत येतो.

शब्द पडला त्याच्या पुढच्या बैठकीला आक्का आल्या. त्यांनी सतरंजीवर २७०० रुपये ठेवले, वर पेटीची किल्ली ठेवली आणि काही न बोलता गेल्या. पैसे कुठून आणले ते नंतर कळलं, शेळी विकली होती. आम्ही पैसे मोजून पेटीत टाकले. वही आणि पेटी जुळली. आम्हाला वाटलं, मिटलं. खरं सांगायचं तर काहीजणींना असंही वाटलं की निर्दोष असत्या तर भरले कशाला असते? असा विचार आम्ही केला, हे इथं लपवत नाही.

तीन महिन्यांनी तपासणी आली. सीआरपी ताईंनी सगळ्यांची पासबुकं मागवली आणि एकेक नोंद वहीशी रुजू घालायला लागल्या. रुजवात म्हणतात तीच. एका पासबुकात हप्ता ३६००, वहीत त्याच तारखेला ६३००. ताईंनी फरक काढला, २७००. म्हणाल्या, फरकाला नवानं पूर्ण भाग गेला की आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी नवाच्या पाढ्यात येतो. ४५ आणि ५४ करून बघा, १८ आणि ८१ करून बघा. ही युक्ती आम्हाला तीन महिने आधी माहीत असती तर!

वही लिहिणारी आमच्यातलीच. ती बाई खोटारडी नव्हे, आळशी नव्हे. तिनं कानानं ऐकलं "छत्तीसशे" आणि हातानं लिहिलं ६३००. हे का होतं तेही सांगण्यासारखं आहे. मराठीत आपण दोन आकडी संख्या उलटी म्हणतो. छत्तीस म्हणताना आधी सहा येतो, मागून तीस. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन, मागून साठ. कान सहा ऐकतो, हात सहा लिहितो, आणि तीन मागं पडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. आम्हीही हसलो होतो. छत्तीस हा शब्द सोडावा असं आम्हाला आजही वाटत नाही, पण त्या पुस्तकवाल्यांची अडचण काय होती ते आम्हाला २७०० रुपयांना कळलं.

आणि आकडा तरी कोणता निघावा! ३६ लिहून पाहा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात, म्हणून भांडणाला छत्तीसचा आकडा म्हणतात. उलटा करून ६३ लिहिलं की दोघं समोरासमोर. आमच्या वहीत समोरासमोर बसलेले होते आणि गटात पाठ फिरवलेली होती.

नोंद दुरुस्त झाली तशी दुसरीच अडचण उभी राहिली. वहीतले २७०० कमी झाले, पण पेटीत आक्कांचे २७०० होतेच. आता पेटीत पैसे जास्त. आधी तूट होती तेव्हा एवढा आवाज झाला, आता वाढावा आला तर सगळ्या गप्प. तूट आली की कुणी खाल्ले विचारतात. वाढावा आला की कुणाचे आहेत, हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी इफ्रात आणि तफ्रीत हे दोन्ही शब्द आमच्या पेटीत होते, फक्त आम्हाला त्यांची नावं माहीत नव्हती.

आम्ही सात-आठजणी आक्कांच्या घरी गेलो. वही, पासबुक, पैसे, सगळं घेऊन. चहा झाला. वही लिहिणारीनं हात जोडले. आक्का म्हणाल्या, "तुझं काय, तू आकडा चुकलीस. आकडा दुरुस्त होतो." पुढं काही बोलल्या नाहीत. आम्हाला कळलं की दुरुस्त न होणारं दुसरं काहीतरी होतं आणि ते लिहिणारीनं केलेलं नव्हतं. पेटी परत घ्या म्हटलं. नको म्हणाल्या. बचत भरत राहीन, पण पेटी नको.

पैसे मात्र त्यांनी मोजून घेतले, आमच्यासमोर, मोठ्यानं. शंभराच्या नोटा होत्या. आमच्या आज्या धान्याची मापं घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत, तशाच त्या मोजत होत्या. लाभ, दोन, तीन. सत्तावीसपर्यंत. मग नोटा पदराला बांधल्या आणि वही लिहिणारीकडे बघून म्हणाल्या, "पावती लिही. आकड्यात लिही, आणि खाली अक्षरी पण लिही."